मावशीची दोनशे दारं

जगातली माणसं दोनच प्रकारची असतात, डोस मिळालेली आणि डोस राहून गेलेली. यापलीकडे तिसरा प्रकार माझ्या मावशीला मान्य नाही. मंत्री असो, आमच्या कंपनीचा सर्वांत मोठा साहेब असो की माझी बायको असो, ती प्रत्येकाकडे आधी याच नजरेनं बघते आणि मगच 'चहा घेणार का' असं विचारते. गारगोटीच्या पलीकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर तिनं नर्सबाई म्हणून छत्तीस वर्षं काढली. डांबरी रस्ता जिथे संपायचा तिथून तिची हद्द सुरू व्हायची. खांद्याला लसीची निळी पेटी, काखेत रजिस्टर आणि तोंडात लवंग, अशी ती दारोदार फिरली. त्यामुळे चालणं हा व्यायाम असतो हे तिला कधी पटलंच नाही. आमच्या ॲडम्सटाउनमध्ये, म्हणजे डब्लिनला लागून वसलेल्या या नव्याकोऱ्या गावात, माणसं मनगटाला घड्याळ बांधून, कानात काहीतरी खुपसून संध्याकाळी तावातावानं चालत असतात. पहिल्याच आठवड्यात खिडकीतून त्यांना बघून तिनं मला विचारलं, "ह्यांना कुणाच्या घरी जायचं असतंय?" मी म्हटलं, "कुणाच्याच नाही. तब्येतीसाठी चालतात." तिनं त्या माणसांकडे मनापासून कीव आल्यासारखं पाहिलं. "मग एकांदं दार वाजवायचं तरी. एवढं आलायसा तर."

मावशी आमच्याकडे आली ती हौसेनं नव्हे. गेल्या पावसाळ्यात परसात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि पुण्याच्या डॉक्टरांनी आत नवा गोळा बसवला. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, वाकडमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. दादानं लगेच जाहीर केलं, की आता गारगोटीच्या घराला कुलूप, आई कायमची माझ्याकडे. मावशीनं जाहीर केलं, की कुलूप लावायचं असेल तर मला आत ठेवून लावा. दोन महिने घरात महाभारत झालं. शेवटी मी मध्ये पडलो आणि म्हटलं, तीन महिने माझ्याकडे पाठव, इथले रस्ते सपाट आहेत, हवा थंड आहे, चालून चालून पाय मोकळा होईल, मग बघू. निघण्याच्या आदल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर दादा वैतागून म्हणाला, "आई, पूर्वीसारखी एका दिवसात दोनशे घरं फिरून दाखव. मग खुशाल राहा गारगोटीत एकटी. मी एक शब्द बोलणार नाही." दादाचं चुकलं ते एवढंच, की त्यानं आकडा सांगितला. मावशीला आकडा सांगायचा नसतो. सरकारनं तिला छत्तीस वर्षं आकडे सांगितले आणि तिनं ते सगळे पुरे करून सरकारच्या टेबलावर ठेवले.

तेव्हापासून मावशीचं टार्गेट सुरू झालं. रोज सकाळी दहाला ती बाहेर पडायची. अंगावर साडी, साडीवर दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायात माझ्या बायकोचे जुने पळायचे बूट आणि हातात छत्री. या छत्रीला काठी म्हणायची घरात कुणाची टाप नव्हती. पाऊस नसताना ती जमिनीला टेकत असे आणि पाऊस आला तरीही टेकतच असे, पण ती छत्री होती. पहिल्या दिवशी सात घरं झाली आणि आठव्या घराच्या कुंपणावर ती बसून राहिली. मी ऑफिसचा कॉल अर्धवट टाकून धावत गेलो, तर तिनं मला वर बघत विचारलं, "काय बघालाईस? हजेरी घ्यायला आलास काय?" दुसऱ्या आठवड्यात वीस झाली, महिन्याभरात साठ. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी ती 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते. त्यामुळे संध्याकाळी ती सोफ्यावर पाय पसरून "आज साठ घरं मारून आलो" म्हणाली, की एखादा फौजदार ड्यूटीवरून परतल्यासारखा वाटे.

पण मावशीच्या हिशेबात एक मोठी अडचण होती. तिच्या खात्यात दारासमोरून नुसतं चालत जाण्याला घर म्हणत नाहीत. दार वाजलं पाहिजे, उघडलं पाहिजे आणि आतल्या माणसाचं तोंड दिसलं पाहिजे, तेव्हा एक घर. आणि इथे तर ओळखीच्या माणसाकडेही चार दिवस आधी मेसेज टाकून जायची पद्धत. मी तिला बजावून ठेवलं होतं, की वाट्टेल तेवढी चाल, पण कुणाचं दार वाजवू नकोस. ती गप्प बसली खरी, पण तिच्या चेहऱ्यावर वरिष्ठ अधिकाऱ्याची चुकीची ऑर्डर पाळणाऱ्या कर्मचाऱ्याचा भाव कायम असे. हा पेच सोडवला माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या सुरात इंग्रजीत येतं. ती एका संध्याकाळी भोपळा कोरता कोरता म्हणाली, "आजी, ऑन हॅलोवीन यू कॅन नॉक ऑन एव्हरीवन्स डोअर." मी भाषांतर केलं. वर्षातून एक दिवस असा येतो, की मुलं भुताखेताचे कपडे घालून घरोघर जातात, दार वाजवतात आणि लोक हसतमुखानं दार उघडून त्यांना गोड देतात. मावशीनं हातातलं वाटाण्याचं टोपलं खाली ठेवलं. "म्हंजे पल्स पोलिओच की!" "नो, आजी, इट्स जस्ट स्वीट्स." "आमी तरी काय कडू काढा पाजत होतो? लहान पोरं, घरोघरी, एकच दिवस. अगं, सगळं तेच हाय."

त्या रात्रीपासून घरात मोहीम उभी राहिली. मुलीच्या चित्रकलेच्या वहीत मावशीनं आमच्या इस्टेटीचा, म्हणजे वसाहतीचा, नकाशा काढला. एकूण घरं दोनशे चौदा. सुरुवात कुठून, वळायचं कुठं, चहा कुठं, सगळं ठरलं. माझी बायको तिला म्हणाली, "मावशी, फक्त शेजारच्या दहा घरी जाऊ या ना, क्यूट वाटेल." मावशीनं तिच्याकडे डोस राहून गेलेल्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं. मग रोजच्या फेरीत पाहणी सुरू झाली, आणि इथे तिचा हात आपोआप जुन्या सवयीवर गेला. पोलिओच्या मोहिमेत कार्यकर्ते घराच्या भिंतीवर खूण करतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काम झालेल्या घराला इंग्रजी पी, कुलूप असलेल्या घराला फुली, खाली तारीख आणि पुढं कुठं जायचं त्याचा बाण. मावशीनं मुलीचे फुटपाथवर चित्रं काढायचे खडू घेतले आणि दिवसा माणसं असलेल्या घरांच्या फाटकावर पी, नसलेल्यांच्या फाटकावर फुली काढायला सुरुवात केली. आयर्लंडचा पाऊस रोज रात्री ते पुसायचा, ती रोज सकाळी लिहायची. चौथ्या दिवशी कंटाळून तिनं लाल मेणखडू उचलला. तो पावसाच्या बापालाही पुसेना.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला कळलं ते ऑफिसात, इस्टेटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एकदम पन्नास मेसेज. आपल्या फाटकांवर कुणीतरी लाल खुणा करतंय. एकानं लिहिलं, चोरांची टोळी आहे, आधी टेहळणी करून खुणा करतात. दुसऱ्यानं सांगितलं, बाण म्हणजे पळायची दिशा. तिसरा म्हणाला, माझ्या फाटकावर फुली आहे, याचा अर्थ दिवसा घरी कुणी नसतं असा असणार. आणि खरं सांगायचं तर फुलीचा अर्थ त्या गृहस्थानं अगदी बरोबर ओळखला होता. गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, कळवावं असा सूर लागला. मग कुणीतरी फोटो टाकला. त्यातला पी मी मोठा करून पाहिला. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीकडे राहून मी तो पी भुदरगड तालुक्यातल्या शेकडो भिंतींवर पाहिला होता. त्याच्या पोटाला एक ऐटबाज गाठ असते. अख्ख्या युरोपात तशी गाठ मारणारं दुसरं माणूस नव्हतं.

मी ग्रुपवर माफीनामा लिहिला आणि संध्याकाळी रहिवासी समितीच्या अध्यक्षबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. साठीच्या, निवृत्त शिक्षिका, पाठ ताठ, ओठ घट्ट. मला वाटलं, आता फाटकं घासून द्यावी लागणार. मावशी मात्र पाहुणी आल्याच्या आनंदात होती. तिनं आल्याचा चहा केला, बाईंना समोर बसवलं आणि मुलीला दुभाष्या करून सगळं समजावून सांगितलं. पेटी कशी धरायची, बाळाचे गाल कसे दाबायचे, दोन थेंब कसे टाकायचे, करंगळीला शाई कशी लावायची, हे तिनं माझ्याच तोंडावर प्रयोग करून दाखवलं. बाई कप खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "माझ्या मोठ्या बहिणीला लहानपणी झाला होता पोलिओ. ती जन्मभर लोखंडी पट्ट्या बांधून चालली." मुलीनं ते आजीला इंग्रजीतच परत सांगितलं, पण मावशीला कळलं. तिनं बाईंचा हात हातात घेतला. मला उगाचच स्वयंपाकघरात काम आठवलं. जाताना बाईंनी ग्रुपवर लिहून टाकलं, की खुणा आपल्याच माणसाच्या आहेत, कुणी पुसू नयेत, आणि हॅलोवीनला शक्यतो घरी राहावं. मग फाटकाशी थांबून त्यांनी तक्रार केली, की मी सकाळी पोहायला जाते म्हणून माझ्या फाटकावर फुली, हे बरोबर नाही, मला पी पाहिजे. मावशी म्हणाली, "त्या दिवशी दार उघडा, मिळंल."

हॅलोवीनच्या दिवशी दुपारी दोनला मावशी जिना उतरून खाली आली आणि आम्ही बघतच राहिलो. तिनं ड्यूटीची पांढरी साडी नेसली होती. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी, इतक्या दूर येताना तिनं ती बॅगेत घातली होती. "कधी लागंल सांगता येत न्हाई," एवढंच ती म्हणाली. खांद्याला आमची सहलीची निळी थंड पेटी, पेटीत लिमलेटच्या गोळ्या. सोबत चेटकिणीच्या वेषातली माझी मुलगी आणि मी. मला दिलेला हुकूम असा, की दोन पावलं मागं राहायचं आणि कोपराला हात लावायचा नाही. पहिलंच दार उघडलं आणि आतला दाढीवाला खूश होऊन ओरडला, "ब्रिलियंट कॉस्च्यूम!" संध्याकाळ झाली, हिवाळ्यासाठी इथली घड्याळं नुकतीच तासभर मागं केल्यामुळं पाचलाच अंधार पडला, आणि मग तर काही विचारूच नका. पांढरी साडी, पांढरे केस, हातात छत्री, अशी आकृती एकामागून एक दारात उभी राहू लागली. सांगाडे झालेली पोरं आईच्या पाठीमागं दडली. रक्तपिपासू राजा झालेल्या एका पोरानं भोकाड पसरलं. मावशी प्रत्येक दारात विचारायची, "घरात पाच वर्साच्या आतलं कोण हाय?" माझी मुलगी तिच्या पद्धतीनं भाषांतर करायची, मग घरातलं बारकं पोर पुढं यायचं. मावशी त्याच्या पुढ्यातल्या चॉकलेटला हात लावायची नाही, उलट त्यालाच लिमलेटची गोळी द्यायची आणि डाव्या करंगळीला निळ्या पेनानं खूण करायची. सहा वाजेपर्यंत ती खूण असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली होती. आठ-दहा वर्षांची घोडीसुद्धा करंगळ्या पुढं करून रांगेत उभी राहत होती.

एकशे त्रेचाळिसाव्या घरानंतर ती थांबली. बारीक पाऊस सुरू होता. ती एका कुंपणाच्या भिंतीवर बसली आणि तिनं डावा हात मांडीखाली घातला. दुखायला लागलं की ती तसं करते हे मला माहीत होतं. तिचा चेहरा साडीसारखा झाला होता. मी मुलीला थोडं पुढं पाठवलं आणि वाकून म्हटलं, "मावशी, बास झालं. मी गाडी आणतो. दादाला सांगू दोनशे झाली म्हणून. तो काय इथं मोजायला येणार आहे?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की लहानपणी इंजेक्शन चुकवून माळ्यावर लपलो होतो तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं. "छत्तीस वर्सं रजिस्टर लिवलं मी. एक डोस खोटा लिवला न्हाई. आणि आता घरासाठी लिवू? मग त्या घरात झोप यील काय मला?" मग आवाज खाली आला. "अकराव्या मजल्यावरनं खाली बघून दिवस काढायचं म्हंजे रं... तुला न्हाई कळायचं. मला दारात बसल्यावर माणसं दिसाय पायजेत." ती दहा मिनिटं बसली. एक लिमलेटची गोळी स्वतः खाल्ली. उठली आणि छत्री माझ्या हातात देऊन चालू लागली.

साताला फेरी संपली तेव्हा वहीत उघडलेली दारं एकशे अठ्ठ्याऐंशी होती आणि फुल्या सव्वीस. नियम असा, की फुलीच्या घरी परत जायचं. बारा पाहिजे होती. मी मनातल्या मनात हात टेकले, पण एवढ्यात अध्यक्षबाई हातात मोठी बॅटरी घेऊन आल्या. त्यांनी ग्रुपवर काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. 'ती परत येतेय. दिवे लावा.' इतकंच. कामावरून उशिरा आलेले, खाऊ संपला म्हणून दिवे घालवून बसलेले, टीव्हीपुढं झोपलेले, सगळ्यांच्या व्हरांड्यांत एकेक दिवा लागत गेला. एकशे नव्वद. एकशे पंच्याण्णव. मागून येणाऱ्या पोरांची आता मिरवणूक झाली होती आणि ती इंग्रजीत आकडे ओरडत होती. एकशे नव्व्याण्णवला गाडी अडली. उरलेल्या घरांत खरोखरच कुणी नव्हतं, एक सोडून. त्या घरातले म्हातारे गृहस्थ कुणालाच दार उघडत नाहीत, असं बाईंनी सांगितलं. मावशी पायऱ्या चढली, तीनदा दार वाजवलं आणि थांबली. आत अंधार. सगळी पोरं चिडीचूप. मी म्हटलं, "मावशी, नाहीये कोणी." ती मागं न बघता म्हणाली, "पडदा हाललाय." मग तिनं नर्सबाईच्या आवाजात हाक दिली, "बाबा, दार उघडा. मी न्हाई जायचो." दोन मिनिटांनी कडी वाजली. स्वेटर घातलेले एक काटकुळे आजोबा बाहेर आले आणि खजील होऊन म्हणाले, की यंदा बाहेर जाणंच झालं नाही, घरात द्यायला काही नाही. मावशीला एक शब्द कळला नाही. तिनं पेटी उघडून त्यांच्या तळहातावर लिमलेटची गोळी ठेवली, त्यांची करंगळी निळी केली आणि मागं वळून माझ्या मुलीला हुकूम सोडला, "लिव पी!"

त्या टाळ्या मी जन्मात विसरणार नाही. अध्यक्षबाईंनी तिथंच तिच्या हातात रिबीन बांधलेला मनुकांचा मोठा पाव ठेवला. इस्टेटीचं ते दरवर्षीचं सर्वोत्तम वेशभूषेचं बक्षीस होतं. मावशीनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि टार्गेट पुरं केल्याचा सत्कार समजून भाषणच केलं. तो कशासाठी होता हे तिला आजही कुणी सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो दादाला गेले. फोनवर तो म्हणाला, "आई, मी आपला रागात बोललो होतो गं." मावशी म्हणाली, "मी बी रागातच चाललो. आता परसातली फरशी खरबरीत करून घे, मी यायलोय."

दहा दिवसांनी तिला विमानतळावर सोडायला गेलो. आपल्याकडच्या सगळ्या आईवडिलांसाठी करतात तशी मी व्हीलचेअर सांगून ठेवली होती, पायांसाठी नव्हे, भाषेसाठी. ती ढकलणारा पोरगेला माणूस आला. मावशीनं त्या खुर्चीवर आपली पर्स आणि लोणच्याची रिकामी बरणी ठेवली आणि स्वतः शेजारून ताठ मानेनं चालत निघाली. माझ्या मुलीला रडू फुटलं, बायकोनं तोंड फिरवलं. आई गेल्यापासून मला 'बाळ्या' म्हणून हाक मारणारं एवढं एकच माणूस उरलंय, आणि तीन महिने ती हाक रोज सकाळी जिन्याखालून यायची. ती हरावी आणि अजून काही महिने इथंच राहावी असं मला एकदाही वाटलं नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

काचेपलीकडं, आता आम्ही दिसत नाही असं समजून, ती थांबली. तिनं त्या माणसाला काहीतरी विचारलं, व्हीलचेअरची मूठ धरली आणि डावा पाय ओढत, हळूहळू, एकेक पाऊल टाकत पुढं गेली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दादा होता. "गेली का रे? नीट चालत गेली ना?"

"एकदम ताठ," मी म्हणालो.